अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे शिरेवाटे पोषण: या चुका टाळा

जळगाव-धुळ्याची मोठी रुग्णालये घ्या किंवा तालुक्याच्या गावातील चार वॉर्मरचा (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यांचा) खासगी विभाग घ्या, दीड किलोच्या आतील बाळाला शिरेवाटे पोषण देणे आता खानदेशात नवलाईचे राहिलेले नाही. चुका मात्र त्याच त्या होतात, आणि त्यांतील बहुतेक अज्ञानापोटी नव्हे, तर घाईपोटी होतात.

पहिली चूक उशिराची. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पाठवलेले बाळ अनेकदा दोन-तीन दिवस नुसत्या दहा टक्के डेक्स्ट्रोजवर, म्हणजे साखरेच्या द्रावणावर, काढून आलेले असते, कारण ‘बाळ स्थिरावले की प्रोटीन सुरू करू’ असा कोणीतरी विचार केलेला असतो. अमिनो आम्ल (शिरेवाटे प्रोटीन याच रूपात देतात) न मिळालेले फार लहान बाळ दररोज आपल्या शरीरातील सुमारे एक टक्का प्रथिने गमावते. अमिनो आम्ले पहिल्याच दिवशी, किलोमागे किमान दीड ग्रॅम या प्रमाणात, सुरू करावीत. बाळ अस्थिर आहे, ही सबब मी तरी मान्य करत नाही.

माझा खरा राग आहे तो कॅल्शियम आणि फॉस्फेट एकापाठोपाठ एक सिरिंजमध्ये ओढून ‘मिक्स झाले’ म्हणणाऱ्यांवर. एका मे महिन्यात, बाहेर पारा ४४ अंशांवर असताना, जिल्ह्यातील एका रुग्णालयात मला पहाटे बोलावणे आले. रात्री वातानुकूलित खोलीत तयार केलेले मिश्रण स्वच्छ दिसत होते, पण ते वॉर्मरखालून जाणाऱ्या नळीतून बाळाकडे जाऊ लागले, तसा पंप दाब वाढल्याचा अलार्म देऊ लागला. ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने दोनदा अलार्म बंद केला आणि तिसऱ्यांदा सिस्टरला फिल्टर काढून टाकायला सांगितले. सिस्टरने फिल्टर न काढता पंप थांबवला, नळी उजेडात धरली, तर वळणावर पांढरा चुरा साचलेला दिसला. फिल्टर तुंबला होता तो त्याच चुऱ्याने. फिल्टर काढला असता, तर तो चुरा थेट बाळाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत गेला असता. ही भीती काल्पनिक नाही: १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅल्शियम-फॉस्फेटच्या अशाच साक्यामुळे (न विरघळणाऱ्या चुऱ्यामुळे) झालेल्या दोन मृत्यूंनंतर सर्व रुग्णालयांना इशारा दिला होता.

कारण समजून घेतले, तर नियम पाठ करावे लागत नाहीत. तापमान वाढले की कॅल्शियम ग्लुकोनेटमधून अधिक कॅल्शियम मोकळे होते आणि साका धरण्याचा संभव वाढतो. म्हणून खोलीत स्वच्छ दिसलेले द्रावण वॉर्मरखाली गढूळ होऊ शकते. अमिनो आम्लांमुळे द्रावणाची आम्लता टिकते आणि क्षार विरघळलेले राहतात, त्यामुळे ज्या दिवशी प्रोटीन कमी, त्या दिवशी धोका जास्त. मी अमिनो आम्ल आणि डेक्स्ट्रोज एकत्र करून त्यात आधी फॉस्फेट घालतो, पिशवी नीट हलवतो आणि कॅल्शियम अगदी शेवटी घालतो. सोडियम ग्लिसरोफॉस्फेट (कॅल्शियमबरोबर सहज साका न धरणारे फॉस्फेट) मिळत असेल, तर तेच वापरतो. मग पिशवी जुन्या एक्स-रेच्या काळ्या फिल्मसमोर धरून पाहतो. लिपिड (स्निग्ध पदार्थाचे द्रावण) त्याच पिशवीत घालू देत नाही, कारण दुधाळ द्रावणात चुरा दिसतच नाही. एवढा खटाटोप नको म्हणून काही जण फॉस्फेटच वगळतात. भरपूर प्रोटीन मिळू लागलेल्या बाळाच्या पेशी रक्तातील फॉस्फेट ओढून घेतात, मग फॉस्फेट घसरते, कॅल्शियम चढते, श्वासाचे स्नायू दुबळे पडतात, आणि व्हेंटिलेटर का निघत नाही याचा शोध भलतीकडेच चालू राहतो.

साखरेचा हिशेबही असाच अंदाजपंचे होतो. डेक्स्ट्रोजच्या टक्केवारीला दिवसाच्या किलोमागील मिलिलिटरने गुणून १४४ ने भागले, की किलोमागे मिनिटाला किती मिलिग्रॅम ग्लुकोज जाते ते कळते. दहा टक्के आणि ८० मिलिलिटर असेल, तर साडेपाच. पण पाणी १२० आणि टक्केवारी साडेबारा अशी एकाच दिवशी वाढवली, तर आकडा दहाच्या वर जातो. मग साखर वाढल्यावर इन्सुलिन शोधण्याऐवजी आधी हा भागाकार करावा.

लिपिडचा एक आणि बाकी द्रावणाचा दुसरा, अशा दोन पंपांची अदलाबदल ही चूक ऐकायला बालिश वाटते. एक किलोच्या बाळाला किलोमागे तीन ग्रॅम लिपिड द्यायचे, तर २० टक्के द्रावण तासाला सुमारे ०.६ मिलिलिटर जाते आणि दुसरा पंप चारच्या आसपास असतो. वेग उलटे भरले गेले, तर दिवसभराचे लिपिड चार तासांच्या आत संपते. नळीच्या दोन्ही टोकांना लेबल लावावे आणि वेग दुसऱ्या सिस्टरकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

हाताच्या शिरेतून साडेबारा टक्क्यांपेक्षा तीव्र डेक्स्ट्रोज देऊ नये. नवजात बाळाला कॅल्शियमयुक्त द्रावण चालू असताना सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक देऊ नये. वॉर्डातील टेबलावर पिशवी भरू नये. नळी प्रकाशापासून झाकावी.

शिरेवाटे पोषण चालू आहे म्हणून पोट रिकामे ठेवण्याची प्रथाही सोडायला हवी. मोठी अडचण नसेल, तर आईचे दूध किलोमागे दिवसाला दहा-वीस मिलिलिटर इतके तरी पहिल्या दिवसापासून जावे, आणि ‘अजून दूध उतरले नाही’ म्हणणाऱ्या आईला पावडरच्या दुधाच्या डब्याची चिठ्ठी देण्याऐवजी दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढायला बसवावे. दूध किलोमागे १२० मिलिलिटरच्या आसपास पोहोचले, की शिरेवाटचे पोषण थांबवता येते. मात्र वेग टप्प्याटप्प्याने उतरवावा, आणि पंप बंद केल्यावर अर्ध्या ते एक तासाने टाचेतून साखर तपासल्याशिवाय शिरेतील नळी काढू नये.