तर्काची सुरुवात ‘च’पासून

घरीच शिकणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवताना तर्कदोषांची यादी आधी काढू नका. मुलं आठवड्याभरात आई-बाबांच्या प्रत्येक वाक्याला दोष चिकटवू लागतात आणि युक्तिवाद तपासायचा राहूनच जातो.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून जास्त पाणी सोडलं की शहरातला भिडे पूल पाण्याखाली जातो, हे उदाहरण घ्या. पत्त्याएवढी चार कार्डं कापा. एका बाजूला धरणाची स्थिती, मागे त्याच दिवशीची पुलाची. वर दिसेल असं ठेवा: ‘खडकवासल्यातून मोठा विसर्ग’, ‘विसर्ग नाही’, ‘भिडे पूल बंद’, ‘भिडे पूल चालू’. नियम: मोठा विसर्ग असेल तर भिडे पूल बंद असतो. नियम मोडलाय का हे पाहायला कमीत कमी कोणती कार्डं उलटाल?

उत्तर पहिलं आणि चौथं. मुलं हमखास पहिलं आणि तिसरं उचलतात. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये हे कोडं अक्षरं-आकड्यांवर मांडलं, तेव्हा मोठी माणसंही अशीच चुकली. लगेच टोकू नका, तिसरं उलटू द्या. मागे ‘विसर्ग नाही’ लिहिलेलं असू द्या. मोडला नियम? नाही, पूल मेट्रोच्या कामासाठीही बंद असू शकतो. चौथ्याच्या मागे मात्र ‘मोठा विसर्ग’ निघाला की नियम गेलाच.

या चुकीचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. ‘अभ्यास झाला तर सिंहगडावर जाऊ’ म्हणताना आपल्या मनात ‘तरच’ असतं. म्हणून नियमात ‘तरच’ घालून तीच कार्डं पुन्हा मांडा. आता दुसरं आणि तिसरं उलटावं लागतं. कुणी चारही उलटली तर त्याने ‘तर’ आणि ‘तरच’ दोन्ही धरलंय. तसं वहीत वेगळं लिहायला लावा. चाळीस मिनिटांचे दोन तास यालाच द्या.

‘किंवा’ पटकन उरकतं: ‘चहा की कॉफी?’ यात एकच मिळतं, तर्कशास्त्रातल्या ‘किंवा’त दोन्ही चालतात.

मग न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतला पंचावयवी, म्हणजे पाच भागांचा, युक्तिवाद घ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. इथेही तसाच धूर आहे. म्हणून अग्नी आहे. (गॅसवर वाढलेल्या मुलांना चूल दाखवावी लागते.) मग उलटं विचारा: जिथे अग्नी तिथे धूर? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ‘तर’चं ‘तरच’ इथेही फसतं.

सत्यता कोष्टकं, म्हणजे विधानाचे भाग सत्य-असत्य असताना अख्खं विधान काय ठरतं याचे तक्ते, शेवटी. त्यासाठी बालभारतीचं अकरावीचं तर्कशास्त्र पुरतं. तिथे पूर्वांग (‘तर’च्या आधीचा भाग) असत्य असताना अख्खं विधान सत्य कसं, यावर मुलं अडून बसतात. तेव्हा ‘विसर्ग नाही’ हे कार्ड समोर ठेवा आणि विचारा, पहिल्या खेळात हे उलटायची गरज का पडली नव्हती?