केळवणाची आणि लग्नाची कार्डं घरी करायचीत? डाय कटिंगने कशी करायची ते सांगते

मावसबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली, पत्रिका छापायच्याच आहेत पण अगदी जवळच्या माणसांना हाताने केलेली देऊ, नाहीतरी तू ते मशीन घेऊन बसलेली असतेसच. झालं, मी हो म्हटलं आणि आकडा वाढत वाढत 42 पत्रिका, केळवणाची 18 कार्डं आणि मैत्रिणींनी ब्रायडल शॉवर, म्हणजे लग्नाआधीची नवरीसाठीची पार्टी, ठेवला होता त्याची 12 असा 72 वर गेला. त्यात जे शिकले ते सगळं इथे लिहिते.

ज्यांना डाय कटिंग म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी, डाय म्हणजे पातळ धातूचा आकार, एका बाजूने त्याला धार असते. तो कागदावर ठेवून मशीनच्या दोन रोलरमधून दाबून काढला की तोच आकार कापून मिळतो. शंकरपाळ्याचा किंवा बिस्किटांचा साचा समजा, फक्त दाब हाताचा नाही तर रोलरचा.

आधी आकडा, मग बाकी सगळं

कागद, डिझाइन वगैरे नंतर बघा, पहिल्यांदा किती कार्डं ते पक्कं करा आणि घरातल्या मोठ्यांकडून वदवून घ्या. एका कार्डाला कापणं, चिकटवणं, सुकवणं धरून मला साधारण वीस मिनिटं लागली, म्हणजे 72 कार्डांना चोवीस तास, तेही हात बसल्यावर. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की पन्नास-साठच्या वर घरी करू नका, आणि शंभराच्या वर असेल तर सरळ प्रेसवाल्याकडे जा. त्यांच्याकडे प्लायवूडच्या फळीत धारदार स्टीलच्या पट्ट्या बसवून तुमच्या आकाराची डाय करून देतात आणि एकदा डाय झाली की पंचिंग फटाफट होतं, घडीची क्रीजसुद्धा त्याच दाबात पडते. मुंबईकरांना गिरगावातला खाडिलकर रोड माहीतच असेल, लग्नपत्रिकांची दुकानंच दुकानं.

कागद

इथे कंजूषी करू नका. कार्डाचा बेस 250 ते 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड) घ्या, त्याहून जाड घेतला तर घडीवर तडे जातात. डायने कापायचे तुकडे 160 ते 220 मध्ये बसवा. झेरॉक्सचा 70-75 चा कागद कापला जातो पण तुकडा लोळागोळा होतो आणि गोंद लावला की फुगतो.

साइझचं सगळ्यात सोपं गणित म्हणजे ए4 शीट मधोमध आडवी कापायची, दोन ए5 मिळतात, त्या दुमडल्या की ए6 चं कार्ड, म्हणजे 10.5 बाय 14.8 सेंटीमीटर, आणि याला सी6 चं तयार पाकीट बरोबर बसतं. एका शीटमधून दोन कार्डं, मला 36 शीट लागणार होत्या, मी 40 आणल्या आणि शेवटी एकच उरली.

हँडमेड पेपरचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पुण्यात शिवाजीनगरला हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे, 1940 पासूनची, तिथला कागद हातात घेतला की सोडवत नाही. पण हा कागद चिंध्यांच्या सुती लगद्याचा, तंतू लांब, त्यामुळे बारीक जाळीची डाय त्यात नीट उतरत नाही, कडेला केस उभे राहिल्यासारखे दिसतात. तो बेससाठी नाहीतर मोठ्या साध्या आकारासाठी वापरा, नक्षी गुळगुळीत कार्डशीटवरच.

डाय कुठली घ्यायची

ऑनलाइन वेडिंग डाय म्हणून शोधलं की केक, गाऊन, घंटा आणि कबुतरं एवढंच येतं. शॉवरच्या कार्डांना ते चाललं, पण लग्नाच्या पत्रिकेवर तीन मजली केक कोण ठेवणार. म्हणून लग्नाच्या नावाने विकतात त्या डाय घेऊच नका, साधे आकार घ्या आणि त्यातून आपलं काढा. लांबट पानाची डाय असेल तर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. कमानीची डाय म्हणजे देवाची प्रभावळ. कोयरी तर कुठेही मिळते. आणि कंगोरे असलेल्या गोलांचा सेट असेल तर झेंडू, एकाच केशरी कागदाचे लहानमोठे चार गोल कापा, थोडं पाणी शिंपडून हातात चुरगाळा, उलगडा, एकावर एक मधोमध चिकटवा आणि कडा नखाने वर उचला, सुकल्यावर अगदी हारातला झेंडू.

एका कार्डावर एकच आकार ठळक ठेवा. मी पहिल्या नमुन्यात कलश, मोर, तोरण आणि मोत्यांची नथ असं सगळं लावलं होतं, मावशी काही बोलली नाही पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आता प्रत्यक्ष कापणं

हाताने फिरवायच्या मशीनमध्ये थर लावायचे असतात. सगळ्यात खाली बेस प्लेट, त्यावर पारदर्शक कटिंग प्लेट, त्यावर डाय धार वर करून, मग कागद, मग दुसरी कटिंग प्लेट. प्रत्येक मशीनचा क्रम थोडा वेगळा असतो, आपल्या मशीनबरोबरचा कागद वाचा, जबरदस्तीने हँडल फिरवलं तर प्लेट जाते. एका बाजूने रंगीत किंवा चकचकीत कागद असेल तर चांगली बाजू धारेकडे. कडकड आवाज येतो, पहिल्यांदा मी घाबरून थांबले होते, तो प्लेटचा आवाज असतो, येऊ द्या.

डाय सरळ रेषेत न ठेवता थोडी तिरकी ठेवायची. लांब सरळ धार रोलरला समांतर आली की एकाच क्षणी सगळा दाब तिच्यावर येतो आणि कुठेतरी कापायचं राहतं, तिरकी ठेवली की थोडी थोडी करत नीट कापली जाते. डाय सरकू नये म्हणून मास्किंग टेपचा तुकडा लावा, पण आधी तो कपड्यावर दोनदा चिकटवून काढा, चिकटपणा कमी होतो, नाहीतर टेप काढताना कागदाचा पापुद्रा निघतो. आणि प्लेट दर दोन-तीन वेळा उलटत राहा, सारखी एकाच बाजूने वापरली की ती केळीसारखी वाकते.

बारीक जाळीच्या डायमधून तुकडा सुटत नसेल तर डाय आणि कागदाच्या मध्ये बटर पेपर घाला. हे मला कोणी आधी सांगितलं नाही. जाळीच्या प्रभावळी मी सुईने उचकटत बसले, अकरापैकी सात फाटल्या, बटर पेपर घातल्यावर बोटाने दाबलं की बाहेर. आतले बारीक कण पाडायला डाय जाड स्पंजवर ठेवून वरून जुन्या ताठ ब्रशने घासा.

केळवणाचं कार्ड, केळीच्या पानावर वाढलेलं

हे माझं लाडकं. बेस क्रीम रंगाचा, त्यावर आडवं हिरवं केळीचं पान. मोठ्या पानाची डाय नसेल तर कात्रीने कापा, कोणाला कळत नाही. मधली शीर उठवायला शाई संपलेलं बॉलपेन घ्या, पान वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून मागून पट्टीने रेघ ओढा, मग कडेपासून शिरेकडे तीन-चार तिरक्या चिरा द्या, खरं पान वाऱ्याने फाटतं तशा.

वाढायचे पदार्थ म्हणजे ऑफिसच्या साध्या पंचिंग मशीनमधून पडणारे गोल, त्यासाठी वेगळी डाय घेऊ नका. पांढरा गोल मीठ, तो वर मधोमध. डावीकडे हिरवी चटणी, पिवळं लिंबू, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या. मध्ये भाताची मूद, ती पांढरा अर्धगोल फोम टेपवर (स्पंजसारखी जाड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप) चिकटवून उंच करायची आणि वर वरणाचा पिवळा ठिपका. पहिली सहा कार्डं मी भाज्या डावीकडे आणि चटणी उजवीकडे अशी केली कारण मी कार्ड उलटं धरून चिकटवत बसले होते, आत्या आली, एक उचललं आणि म्हणाली, "अगं, हे कोणाला वाढलंयस, समोरच्याला का?" सहाच्या सहा पुन्हा केली.

मराठी अक्षरं कापायची असतील तर

तयार डायमध्ये मराठी शब्द सहसा मिळत नाहीत, त्यासाठी क्रिकटसारखं कंप्युटरला जोडायचं कटिंग मशीन लागतं, कोणाकडे असेल तर मागून घ्या. एक मजा आहे, इंग्रजी अक्षरं कापली की सुटी सुटी पडतात पण आपला शब्द शिरोरेखेने जोडलेला असतो म्हणून अख्खा एका तुकड्यात उचलता येतो. "केळवण" सबंध निघतं. पण "शुभविवाह" कापायला गेले आणि "शु" वेगळा आणि "भविवाह" वेगळं, कारण भ च्या डोक्यावर डाव्या बाजूला शिरोरेखा तुटलेली असते. मग वरून एक बारीक पट्टी सलग जोडून घेतली. अनुस्वाराचा ठिपका तर हमखास हरवतो. फाइल इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, अक्षरं पाथमध्ये (म्हणजे नुसत्या आकाराच्या रेषांमध्ये) बदला आणि युनियन करा, म्हणजे सगळे तुकडे एका आकारात जोडा, ते केलं नाही तर मशीन मात्रा आणि काना जिथे एकमेकांवर चढतात तिथेही कापत सुटतं.

मजकूर, घडी, गोंद

आतला मजकूर वेगळ्या 100 जीएसएमच्या कागदावर छापा आणि तो कागद कार्डापेक्षा अर्धा सेंटीमीटर लहान कापून आत चिकटवा. श्री गणेशाय नमः, चि. आणि चि.सौ.कां., मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आणि कोपऱ्यात "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" हे राहू नये, भाचे रुसतात. इंकजेटवर छापलं असेल तर ओला गोंद लागला की शाई पसरते, तिथे टू-साइड टेप वापरा. लेझर प्रिंटला हा त्रास नाही. नावं आणि तारीख दोन माणसांकडून वाचून घेतल्याशिवाय छापू नका.

घडी हाताने सरळ दाबायची नाही, आधी तेच संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी घेऊन रेघ पाडायची, मग दुमडायचं आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. आधी घडी, मग सजावट. उलटं केलंत तर चमच्याखाली झेंडू चिरडतो.

जाळीच्या तुकड्याला गोंद बाटलीतून लावू नका. काचेवर थेंब घ्या, टूथपिकने टिपा, जिथे नक्षी जाड आहे तिथेच लावा, वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकाखाली दहा मिनिटं. फोम टेप एकाच थराची, दोन लावले की पाकीट मिटत नाही आणि पोस्टात गेलं तर शिक्क्याखाली सगळं चेपतं. उठावाची कार्डं शक्यतो हातानेच द्या, जवळच्यांकडे आपण अक्षता घेऊन जातोच की.

आणि हळदकुंकू! तुम्ही कितीही नाजूक कार्ड करा, देण्याआधी घरातलं कोणीतरी चारही कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू लावणारच. म्हणून कोपरे मोकळे सोडा, तिथे जाळी नको आणि पारदर्शक वेलम कागद तर अजिबात नको, तो ओलाव्याने सुरकुततो. माझ्या पाच पत्रिकांवर कुंकवाचा ओघळ थेट नवऱ्यामुलाच्या नावापर्यंत गेला होता.

पाच-सहा कार्डं जास्तीची कराच. पहिली गणपतीपुढे जाते, एक कुलदैवताला, एक अल्बमला नवरीच ठेवून घेते, आणि आदल्या आठवड्यात मावशीला कोणीतरी आठवतं, अगं त्यांना कशी छापील द्यायची. मला असे चार जण निघाले, शिल्लक दोन कार्डं होती, बाकी दोघांची रात्री बारा वाजता वरणाचे ठिपके लावत केली, केळवणाच्याच हिरव्या पानांची, कारण लग्नाचा लाल कागद संपला होता.