भौतिकशास्त्राचा ऑनलाइन गटवर्ग कसा चालवावा

गगनबावडा, शाहूवाडी किंवा भुदरगड तालुक्यातील नववीच्या मुलाला भौतिकशास्त्राच्या शिकवणीसाठी आठवड्यातून तीनदा कोल्हापूर शहरात येणे शक्य नसते. अशा मुलांसाठी ऑनलाइन गट ही उत्तम सोय आहे. परंतु शिक्षक बोलत आहेत आणि मुले कॅमेरा बंद करून ऐकत आहेत, एवढेच त्या वर्गात घडणार असेल, तर त्यापेक्षा एखादा चांगला व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिलेला बरा. प्रत्येक मुलाने उत्तर ऐकण्यापूर्वी स्वतःचा अंदाज लिहून द्यावा आणि तो सोबत्याला पटवून देण्याचा प्रयत्न करावा, यासाठीच गट हवा. वर्गाची सर्व आखणी या एका गोष्टीभोवती करावी, असे माझे ठाम मत आहे.

गटात सहा ते आठ मुले असावीत आणि ती एकाच इयत्तेची असावीत. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाची सुरुवात गतीच्या नियमांनी होते व पुढे कार्य, ऊर्जा आणि धाराविद्युत येते, तर दहावीची सुरुवात गुरुत्वाकर्षणाने होते. दोन्ही इयत्ता एकत्र बसवल्यास कोणाचेच नीट होत नाही. मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमाची मुले मात्र खुशाल एकत्र घ्यावीत. विस्थापन आणि डिस्प्लेसमेंट, त्वरण आणि ॲक्सिलरेशन अशा दोन्ही संज्ञा पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी लिहिल्या, तर अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर मराठी माध्यमाच्या मुलांची धांदल उडत नाही.

झूमच्या विनामूल्य खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांची, तर गूगल मीटवर तीन किंवा अधिक जणांची ६० मिनिटांची असते. ४० मिनिटे पुरेशी आहेत. आठवड्यातून एकदा दोन तास शिकवण्यापेक्षा तीन छोटे वर्ग घेणे केव्हाही चांगले. फळ्याऐवजी पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवलेला दुसरा मोबाइल वहीवर रोखावा आणि त्यावरूनच बैठकीत सामील व्हावे. त्याचा माइक आणि आवाज बंद ठेवावा, नाहीतर आवाज घुमतो.

आता वर्गाच्या गाभ्याकडे वळू. पहिल्या पाच मिनिटांतच एक प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर सूत्रात आकडे घालून मिळत नाही. कोल्हापूरच्या मुलांना कुस्ती नवी नाही, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमासाठी खासबाग कुस्ती मैदानातील लढत घ्यावी : वजनदार मल्ल हलक्या मल्लाला रेटत मागे नेत आहे, तर कोणाने कोणावर लावलेले बल अधिक आहे? मुलांनी चॅटमध्ये उत्तर व एका ओळीत कारण लिहून तयार ठेवावे, आणि शिक्षकांनी तीन म्हटल्यावरच सर्वांनी ते एकदम पाठवावे. असे केले नाही, तर पहिल्या हुशार मुलाचे उत्तर बाकीचे उतरवून काढतात. बहुतेक मुले ‘वजनदार मल्लाचे’ असेच लिहितील. या वेळी शिक्षकांनी उत्तर सांगण्याचा मोह आवरावा, मुलांना ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे त्याच बैठकीतील छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्यांत, दोघे-तिघे असे पाठवावे आणि चार मिनिटांनी पुन्हा मत घ्यावे. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवली. साधारण तीसपासून सत्तर टक्के मुलांचे उत्तर बरोबर असेल, तेव्हा चर्चा सर्वाधिक फळते. आठ जणांच्या गटात ही संख्या तीन ते पाच येते. एखाद-दुसऱ्यालाच उत्तर आले असेल, तर चर्चेपूर्वी संकल्पना थोडक्यात पुन्हा सांगावी.

चर्चेनंतर प्रत्येकाने दोन्ही मल्लांच्या दोन स्वतंत्र आकृत्या काढून त्यांचे फोटो पाठवावेत. आकृतीत मल्लाच्या जागी केवळ एक चौकोन असावा आणि त्याच्यावर लागणारे प्रत्येक बल बाणाने दाखवून ते कोणी लावले हे बाणाशेजारी लिहावे. येथेच गुंता सुटतो. दोघांनी एकमेकांवर लावलेली बले समान व विरुद्ध असतात, परंतु ती वेगवेगळ्या शरीरांवर लागतात, म्हणून ती एकमेकांना निष्फळ करत नाहीत. मागे कोण सरकणार, हे मातीने पायांवर लावलेल्या घर्षणबलावर ठरते, आणि वजनदार मल्लाला माती अधिक घर्षण देऊ शकते. ‘हे बल कोणी लावले?’ या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो बाण खोडावा, हा नियम कधीही सैल करू नये. उभ्या फेकलेल्या चेंडूवर ‘हाताचे बल’ वरच्या दिशेने दाखवणारी मुले याच नियमामुळे सावरतात : हात सुटल्यावर, हवेचा रोध सोडल्यास, चेंडूवर फक्त गुरुत्वबल उरते, आणि सर्वांत वरच्या बिंदूला वेग शून्य असला तरी त्वरण ९.८ मी/से² खालच्याच दिशेने असते.

प्रत्येक मूल स्वतःच्या घरी असते, याचा प्रयोगांसाठी फायदा करून घ्यावा. एका फळीवर चप्पल ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचलावे आणि चप्पल घसरू लागताच त्या टोकाची उंची व जमिनीवरील आडवे अंतर मोजावे. उंची ३० सेमी आणि आडवे अंतर ५० सेमी असेल, तर भागाकार ०.६ येतो आणि तोच स्थितिक घर्षणाचा गुणांक असतो. कोणी कातडी कोल्हापुरी घेईल, कोणी रबरी स्लिपर. सर्वांचे आकडे एका सामाईक तक्त्यात भरले, की फरकांवरची चर्चा मुलेच सुरू करतात. नववीत केवळ तुलना पुरेशी आहे, अकरावीत गुणांक काढून घ्यावा. जे घरी करता येत नाही, त्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील विनामूल्य संगणकीय प्रतिकृती वापराव्यात. त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत. प्रतिकृती सुरू करण्यापूर्वी अंदाज लिहून घेणे येथेही सोडू नये.

उदाहरणे सोडवताना शिक्षकांनी एकच पूर्ण सोडवावे आणि पुढचे मुलांनी आळीपाळीने मोठ्याने विचार करत सोडवावे. स्थिर अवस्थेतून निघालेली एसटी २० सेकंदांत ताशी ३६ किमी वेग घेते, असे उदाहरण घेतल्यास वेगाचे १० मी/से असे रूपांतर, ०.५ मी/से² त्वरण आणि १०० मीटर अंतर, हे सारे कॅल्क्युलेटरशिवाय निघते. रंकाळा तलावाला पूर्ण फेरी मारून मूळ जागी आलेल्या माणसाचे विस्थापन किती, हा प्रश्न त्याआधी विचारलेला असावा.

पावसाळ्यात पश्चिमेकडील तालुक्यांत वीज व नेटवर्क जाते, हे गृहीत धरावे. वर्गाचा प्रश्न आणि दोन उदाहरणे आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फोटोरूपात पाठवावीत, म्हणजे वर्ग चुकलेल्या मुलाला वहीत काम करून पाठवता येते. केवळ ध्वनिमुद्रण पाठवून ती उणीव भरत नाही, कारण उत्तर ऐकूनच तो सुरुवात करतो.

महिन्याअखेरीस पहिल्या आठवड्यातीलच प्रश्न वेगळ्या रूपात विचारावेत. मल्लांऐवजी ट्रक आणि दुचाकीची धडक घ्यावी. जुने लेखी अंदाज जपून ठेवलेले असतील, तर कोणाची समजूत बदलली आणि कोणी फक्त नियम पाठ केला, हे लगेच दिसते, आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी पुढच्या आठवड्यात दोघा-तिघांचा वेगळा वर्ग ठेवता येतो.