गॅस डायनॅमिक्स घेतलंय? मग अंगणातला पाइप आधी डोक्यातून काढा

सातव्या सेमला मी गॅस डायनॅमिक्स (वेगाने वाहताना ज्याची डेन्सिटी बदलते अशा हवेचा, वायूचा अभ्यास) घेतलं ते काही रॉकेटचं वेड होतं म्हणून नाही, मला हव्या त्या इलेक्टिव्हची बॅच फुल झाली होती एवढंच. फ्लुइड मेकॅनिक्सला बरे मार्क होते, म्हटलं तेच पुढे चालू असेल. पहिल्या युनिट टेस्टला 30 पैकी 7 पडले.

घोळ असा की आपली सगळी समज पाण्यावर तयार झालेली असते. पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं, हे लहानपणापासून बघितलेलं. हवेचंही मॅक 1 च्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या, खाली तसंच, जागा अरुंद झाली की वेग वाढतो. पण मॅक 1 च्या वर गेलात की सगळं उलटं, नळी रुंद होत जाईल तसा वेग वाढत जातो! मी हे नुसतं पाठ केलं होतं म्हणून दर वेळी उलटसुलट व्हायचं. कारण कळल्यावर कधीच चुकलं नाही: तिथे वेग वाढतो त्याहून जास्त झपाट्याने डेन्सिटी पडते, मग तेवढाच मास फ्लो (सेकंदाला जाणारं वस्तुमान) जायचा तर जागा जास्त लागणारच. रॉकेटचं नोझल घंटेसारखं पसरट असतं ते यामुळेच.

दुसरी चूक बहुतेक सगळेच करतात, गेज प्रेशर (बाहेरच्या हवेपेक्षा जितकं जास्त तेवढंच) तसंच फॉर्म्युल्यात टाकतात आणि तापमान सेल्सिअसमध्ये. इथे प्रेशर ॲब्सोल्यूट (पार शून्यापासून मोजलेलं) आणि तापमान केल्विनमध्येच लागतं, नाहीतर रेशो काढण्याला काही अर्थच नाही.

मला हा विषय खरा कळला तो वर्कशॉपमध्ये. तिथल्या कॉम्प्रेसरच्या टाकीवर 7 बार गेज दिसत होतं, म्हणजे ॲब्सोल्यूट साधारण 8. बाहेर 1 बार, म्हणजे बाहेरच्या आणि टाकीतल्या प्रेशरचा रेशो 0.125. हवेसाठी हा रेशो 0.528 च्या खाली गेला की फ्लो चोक होतो, म्हणजे सगळ्यात अरुंद जागी मॅक बरोब्बर 1 आणि त्यानंतर बाहेरचं प्रेशर कितीही कमी करा, मास फ्लो वाढत नाही. 2 मिमीचं भोक धरून मी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं: सेकंदाला जेमतेम 6 ग्रॅम हवा, वेग 317 मीटर प्रति सेकंद, आणि टाकीत 300 केल्विन असेल तर भोकापाशी 250 केल्विन. म्हणजे उणे 23 डिग्री! मी लगेच बोट पुढे केलं तर वर्कशॉपचे मामा ओरडले, "अरे ए, हवा कातडीत घुसली म्हणजे कळेल!" त्यांचं बरोबरच होतं, असले उद्योग करू नका. पण तेव्हा सर मागेच उभे होते, ते म्हणाले की थर्मामीटर धरलास तरी उणे 23 दिसणार नाही, कारण हवा त्याच्यावर येऊन थांबते आणि थांबली की तापमान परत जवळपास 300 वर. स्टॅटिक (धावत्या हवेचं) आणि स्टॅग्नेशन (थांबवलेल्या हवेचं) तापमान यांतला फरक मला तीन लेक्चरमध्ये कळला नव्हता तो तिथे एका मिनिटात कळला. आता प्रत्येक गणितात पेन टेकवण्याआधी मी विचारतो, दिलेलं तापमान धावत्या हवेचं आहे की थांबलेल्या?

टेबल वापरताना एक सांभाळा, एरिया रेशो (नोझलमधल्या त्या जागेचं क्षेत्रफळ भागिले सगळ्यात अरुंद जागेचं) 1.6875 ला दोन मॅक नंबर येतात, 0.372 आणि 2. आपण नोझलच्या कुठल्या बाजूला आहोत ते बघूनच उचला. फॅनो (घर्षण धरलेला) आणि रेले (उष्णता देवाणघेवाण धरलेला) फ्लो सुरुवातीला थोडे पाठच करावे लागतात, त्यात लाज नाही. रेलेमध्ये मॅक 0.845 ते 1 च्या मधे उष्णता दिली तर तापमान उतरतं, हे गणिताने पटतं, मनाला अजून पटलेलं नाही. गेट परीक्षेत मेकॅनिकलला नुसते बेसिक्स लागतात, एअरोस्पेसवाल्यांची मात्र सुटका नाही. एनपीटीईएलची (आयआयटीवाल्यांची ऑनलाइन) लेक्चर्स चांगली आहेत पण आधी दहाएक गणितं चुकवून मग बघा, नुसती बघून झोप येते.

राहिला शॉक, म्हणजे मॅक 1 च्या वरच्या हवेत वेग आणि प्रेशर एकदम बदलतात तो पातळ पडदा. मॅक 2 ने आलेली हवा नॉर्मल (प्रवाहाला काटकोनात उभ्या) शॉकमधून गेली की एकदम मॅक 0.577 वर येते, प्रेशर साडेचार पट, स्टॅग्नेशन तापमान तेवढंच राहतं पण स्टॅग्नेशन प्रेशर 72 टक्केच उरतं. आकडे ठीक, पण हे दिसतं कसं? मेसमध्ये ताट नळाखाली धरा. धार पडते तिथे पाण्याचा पातळ, वेगवान गोल होतो आणि पुढे एका कड्याशी पाणी अचानक जाड आणि संथ होतं. ते कडं म्हणजे शॉकचा पाण्यातला भाऊच. कड्याच्या बाहेर बोट हलवा, आतल्या पाण्याला पत्ताच लागत नाही. आत बोट टेकवा, इंग्रजी व्ही सारखी रेघ मागे उमटते. मी हे करत बसलो होतो तेव्हा मागे ताटं घेऊन आठ-दहा जणांची लाईन लागली होती आणि एकाने शेवटी नळच बंद केला.