क्लबची सेक्रेटरी झालात? एक जुलैआधी एक वही आणा

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. औषधांचं दुकान सांभाळत मी आमच्या रोटरी क्लबची दोन वेळा सेक्रेटरी आणि एकदा प्रेसिडेंट झाले. रोटरीचं वर्ष एक जुलैला सुरू होतं, म्हणून मे महिना उजाडला की आजूबाजूच्या क्लबांतून फोन येतात. ‘ताई, एक जुलैपासून माझ्यावर काम आलंय. सुरुवात कुठून करू?’ फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते यंदा एकदा सलग लिहून काढते आहे. लायन्स किंवा इतर कुठल्या मंडळात असाल तरी यातलं बरंचसं तुम्हाला लागू पडेल.

पहिलं काम, दोनशे पानी वही आणा. सभेचं इतिवृत्त लिहायची वही वेगळी, ती असतेच. या वहीत डाव्या पानावर पाहुणे काय बोलले ते लिहायचं आणि उजव्या पानावर ‘मग आपण काय करायचं’. त्यापुढे एका सभासदाचं नाव आणि तारीख. सभा, व्याख्यानं आणि प्रकल्प या तीन वेगळ्या कमिट्यांच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं धरून चाललं की वर्षभर धावपळ होते आणि जूनमध्ये हाती फक्त फोटो उरतात. व्याख्यानातून प्रकल्प निघावा आणि सभेत त्याची विचारपूस व्हावी. ही साखळी बांधणं हेच सेक्रेटरीचं काम, असं माझं ठाम मत आहे.

आता सभेची वेळ ठरवा. २०१६ पासून रोटरीने नियम सैल केले आणि महिन्यातून किमान दोन सभा एवढंच बंधन ठेवलं. आम्ही तीन घेतो. दोन व्याख्यानाच्या, एक कामाची. पूर्वी आमची सभा रात्री साडेआठला आणि जेवणासकट असायची. घरी स्वयंपाक करून, पोरांना जेवू घालून साडेआठला पोचणं बायकांना जमेना. १९८९ मध्ये रोटरीने महिलांना सभासदत्व खुलं केलं, पण वेळ पुरुषांच्या सोयीचीच राहिली तर त्या खुल्या दाराचा उपयोग काय? आम्ही सभा सातवर आणली आणि जेवणाऐवजी चहा आणि उसळ ठेवली. सव्वाआठला राष्ट्रगीत. दोन महिन्यांत महिला सभासदांची हजेरी नजरेत भरण्याइतकी वाढली आणि जेवणाचे वाचलेले पैसे ड्यूज, म्हणजे सभासदांची वर्गणी, कमी करायला वापरता आले.

महिन्यातली एक सभा हॉलमध्ये घेऊच नका. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती पहिल्यांदा भेटले ते त्यांच्यापैकी एकाच्या कचेरीत. पुढे आळीपाळीने एकमेकांच्या कचेऱ्यांत बसत गेले, त्यावरूनच रोटरी हे नाव पडलं. आम्ही सभासदांच्या कामाच्या जागी जातो. एकदा गुऱ्हाळावर, एकदा छापखान्यात, एकदा दातांच्या दवाखान्यात. गुऱ्हाळावर रस आटवायच्या काहिलीशेजारी बसून घेतलेल्या सभेत आम्हाला प्रथम कळलं की पलीकडच्या माळावर ऊसतोड कामगारांच्या चाळीस कोप्या, म्हणजे बुटक्या तात्पुरत्या झोपड्या, आहेत. त्या वाटेने आम्ही सगळे रोज गाडीने जात होतो.

पाहुणे कुठून आणायचे हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. माझं सांगणं, पुण्याहून नामांकित वक्ता आणायच्या मागे लागू नका. त्यांचं यायचं-जायचं, राहायचं, सत्कार यात महिन्याची ताकद जाते. तालुक्यातच बघा. १०८ रुग्णवाहिकेचा चालक, महावितरणचा वायरमन, निवृत्त आरोग्यसेविका, एसटीच्या आगारात तीस वर्षं काढलेले मेकॅनिक, गावोगाव विहिरी खोदणारे, सर्पमित्र. यांना फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘मला भाषण येत नाही.’ त्यांना भाषण करायला सांगूच नका. आठ दिवस आधी घरी किंवा कामावर जाऊन भेटा, चहा घ्या आणि तीन प्रश्न लेखी देऊन या. तुमच्या कामात रोज काय दिसतं? लोकांची कुठली चूक वारंवार होते? आमच्यासारखे तीस जण नेमकं काय करू शकतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमच्या वहीचं उजवं पान. पंचवीस मिनिटं बोलणं, पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं. ओळख चार ओळींत आटपा. शाल-श्रीफळाऐवजी आम्ही रोप देतो आणि जाण्यायेण्याचा खर्च पाकिटात घालून देतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाची संध्याकाळ आपण घेतो, तेव्हा हे पाकीट विसरायचं नाही.

अशाच एका सभेत सर्पमित्र आला. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार या चार सापांबद्दल तो बोलला. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. खूण धड दिसत नाही, फार दुखतही नाही. मग पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात अपचन झालं असेल. दंश झाला तर आवळून बांधू नका, कापू नका, हातपाय हलू देऊ नका, प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात थेट न्या. हे त्याने तीनतीनदा सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, ‘जमिनीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाण्या द्या आणि त्या अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचायला शिकवा.’ त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे गुऱ्हाळापलीकडच्या कोप्या आल्या.

आम्ही मच्छरदाण्या घेतल्या, मंडप घातला, पाहुण्यांच्या हस्ते वाटल्या. महिनाभराने मी पुन्हा गेले तर बहुतेक मच्छरदाण्या घडी घालून पत्र्याच्या पेटीत. एक बाई म्हणाली, ‘बांधू कुठं, ताई? आत नीट उभं राहता येत नाय.’ चार कोपरे बांधायला कोपीत जागाच नव्हती. वाटण्याआधी आमच्यापैकी एकानेही आत वाकून पाहिलं नव्हतं. मला आजही याची रुखरुख आहे. त्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला, की ज्यांच्यासाठी प्रकल्प करायचा त्यांच्या घरात किमान दोनदा बसून आल्याशिवाय क्लबच्या बोर्डापुढे (संचालक मंडळापुढे) अंदाजपत्रक ठेवायचं नाही.

दुसऱ्या वर्षी तसंच केलं. आधी मुकादमाला, म्हणजे ऊसतोड कामगारांची टोळी आणणाऱ्याला भेटलो, कारण टोळी त्याच्या शब्दाबाहेर नसते. मोजणी माणसांची नाही, कोयत्यांची होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्यांच्याबरोबर पोरं किती ते वेगळं विचारावं लागतं. ही मंडळी पहाटे अंधारातच फडात जातात, म्हणून आम्ही दिवस मावळल्यावर गेलो. कोपीच्या आत मापं घेतली. या वेळी घडीच्या, स्वतः उभ्या राहणाऱ्या मच्छरदाण्या आणल्या, त्यांना खाली तळ असतो, खोचायची गरजच नाही. सोबत एकेक सौर दिवा, आणि जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे ते मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. मंडप घातला नाही. दर पंधरा दिवसांनी दोघं जण जाऊन बघून यायचे, आणि सभेत पहिली पाच मिनिटं त्याचीच.

ही पाच मिनिटं कशी वापरायची ते आम्हाला निवृत्त आरोग्यसेविकेने शिकवलं. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर किती डोस झाले हे सगळ्यांना आठवतं, पण खरं काम पुढच्या दिवसांत घरोघर चालायचं, असं तिने सांगितलं. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की भिंतीवर खडूने ‘पी’, कुणी राहिलं असेल तर ‘एक्स’. एक्स असलेल्या घरी पुन्हा जायचं, पुन्हा जायचं. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यामागे असे लाखो एक्स पुसणारे हात आहेत. ती बोलत होती तेव्हा बूथवर काम केलेले आमचे जुने सभासद डोळे पुसत होते.

आम्ही ही पद्धत मोतीबिंदूच्या शिबिराला लावली. शिबिरात तपासणी होते, बसमधून रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया होते, हिरवी पट्टी लावलेल्या आजी-आजोबांचा फोटो निघतो. पण त्यानंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे असतात, आधी दिवसातून अनेकदा, मग कमी करत. नवव्या दिवशी एक आजी माझ्या दुकानात आल्या, पिशवीत थेंबांची बाटली तशीच सीलबंद. मुलगा पुण्याला, सून दिवसभर रानात, थेंब घालणार कोण? तेव्हापासून प्रत्येक सभासदाकडे चार रुग्ण. रोज सकाळी फोन, दर आठवड्याला एक फेरी. घरात कुणी नसेल तर शेजारची शाळकरी मुलगी ठरवायची आणि तिला हात धुऊन थेंब कसे घालायचे ते शिकवायचं. सभेत फक्त एक्स, म्हणजे थेंब राहिलेले रुग्ण, वाचायचे. शिबिर पेरणी-काढणीच्या हंगामात ठेवू नका, लोक शस्त्रक्रियेला तयार होत नाहीत.

रक्तदानाबद्दल थोडक्यात. पंधरा ऑगस्टला आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला सगळीकडे शिबिरं असतात, आणि तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात, प्लेटलेट तर पाच दिवस. टंचाई मे महिन्यात येते, कॉलेजं बंद असतात तेव्हा. आधी रक्तपेढीला तारीख विचारा, मग हॉल ठरवा. एकदम दोनशे पिशव्यांपेक्षा तीन-तीन महिन्यांनी पन्नास त्यांना जास्त कामाच्या.

पैशांचं एकच सांगते. सभासदांचे ड्यूज आणि लोकांनी प्रकल्पासाठी दिलेला पैसा यांची खाती वेगळी ठेवा. चहापासून बॅनरपर्यंतचा खर्च पहिल्यातून, दुसऱ्याला हात लावायचा नाही. देणगीदाराला देणगीवर प्राप्तिकराची सवलत (लोक तिला ८०जी म्हणतात) हवी असेल तर पावती तशी नोंदणी असलेल्या ट्रस्टचीच लागते आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, हे पैसे घेण्याआधी सांगा.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ही वही पुढच्या सेक्रेटरीच्या हातात द्या, आणि नुसती देऊ नका, तासभर शेजारी बसा. मुकादमाचा नंबर, कोप्यांची मापं, राहिलेले एक्स, कुठल्या पाहुण्याला पुन्हा बोलवायचंय, सगळं वाचून दाखवा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास उतरतात. त्याआधी नव्या माणसाला मुकादमाला भेटून यायचं असतं, आणि पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा.