तपासणी तर केली, पुढे काय? रिपोर्टचा पाठपुरावा कसा करावा

इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. तिथे मशीन चालू झालं म्हणून जॉब कार्ड बंद होत नसे. ऑपरेटरने सही केली की मगच. आणि आमच्या रामबागेतल्या घरी आईच्या लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतूंच्या तपासणीचा रिपोर्ट ११ दिवस कुणी उघडलाच नाही! लॅबने तो व्हॉट्सॲपवर पाठवला होता, बंद पडलेल्या सिमच्या नंबरावर. डॉक्टरांना वाटलं आम्ही येऊ. आम्हाला वाटलं, काही असतं तर फोन आला असता. माणसं सगळी बरी होती, त्यांच्यामधले जोड ढिले होते. सिस्टम्स इंजिनिअरिंगमध्ये आधी हे जोडच तपासतात.

सुरुवात नमुना देतानाच करा. उपाशीपोटी आलेल्या इंदूरकराचं लक्ष पोहे-जलेबीकडे असतं, तरी दोन मिनिटं थांबून विचारा: रिपोर्ट कधी मिळेल, कुणाकडे जाईल, काही गंभीर निघालं तर फोन कोण करेल? पावतीवरचा नंबर स्वतः वाचा. साखर त्याच दिवशी कळते. कल्चरला जंतू वाढायला साधारण २-३ दिवस लागतात, बायोप्सीला बरेचदा त्याहून जास्त.

मग भिंतीवरच्या कालनिर्णयात रिपोर्टच्या तारखेला अर्धं वर्तुळ काढा, शेजारी एकच नाव लिहा. ‘आम्ही बघतो’ हे कुणाचं नाव नव्हे. रिपोर्ट हातात आला तरी वर्तुळ अर्धंच ठेवायचं. डॉक्टरांनी तो पाहून पुढे काय करायचं ते सांगितलं की पूर्ण करा, आणि सांगितलेलं झालं की काट मारा. बहुतेक घरी कागद फाइलला लागला की काम संपतं, घोळ तिथेच होतो. आई आता दवाखान्यातून निघताना रिक्षातच विचारते, “गोल पूर्ण झाला का रे?”

पुन्हा करायच्या तपासण्याही लगेच पुढच्या पानावर टाका. एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. महिन्याभरात पुन्हा करून पूर्ण चित्र दिसत नाही. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला तर टीएसएच ही रक्ततपासणी सहसा ६ ते ८ आठवड्यांनी.

लक्षणांचं काम अवघड, त्यांचा रिपोर्ट कुणी पाठवत नाही. ‘बघू दोन दिवस’ म्हणालात तर ते दोन दिवस कॅलेंडरवर लिहा. ‘बरं नाही’ असं मोघम नको, ‘रात्री ९, ताप १०१’ असं लिहा. खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयाची तपासणी करून घ्या. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, धाप लागणं यांना मात्र वर्तुळ नाही. सरळ १०८ लावा.

शेवटी, रविवारी चहाबरोबर एक प्रश्न: कुठे काय बिघडू शकतं? अमेरिकी लष्कराने १९४९ साली हीच पद्धत कागदावर आणली, तिला एफएमईए म्हणतात. कारखान्यात आम्ही प्रत्येक बिघाडाला धोक्याचे गुण देऊन त्यांचे गुणाकार करायचो, घरी ते नकोत. डॉक्टर सुट्टीवर गेले तर? नाव लिहिलेला माणूस पुण्याला लग्नाला गेला तर? त्या नावाखाली दुसरं नाव लिहा.

आणि डिसेंबरात जुनं कालनिर्णय रद्दीत देण्याआधी अर्धी वर्तुळं नव्यावर उतरवा. गेल्या वर्षी आमच्याकडे दोन निघाली, त्यातलं एक माझंच.