ओंडका फाडायच्या आधीची तयारी

घरी बनवलेल्या चेनसॉ मिलवर, म्हणजे चेनसॉला लोखंडी फ्रेम बसवून ओंडका उभा फाडायच्या जुगाडावर, फळ्या पाडायच्या म्हणलं की जो तो आधी मशीन विचारतो, किती सीसी, कुठली कंपनी. मी म्हणतो आधी फळ्या वाळत कुठं घालणार ते सांगा. कापायला एक दिवस पुरतो, वाळायला ढोबळमानानं इंचाला एक वर्ष, म्हणजे दोन इंची फळी दोन वर्षं तिथंच पडून राहणार. त्यामुळं पहिलं काम शेडमधला एक कोपरा रिकामा करा, वारा खेळेल पण ऊन-पाऊस लागणार नाही असा, खाली सिमेंटचे ब्लॉक लेव्हलला लावा आणि फळ्यांच्या थरांमध्ये घालायला इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या कापून ठेवा. पट्ट्या ओल्या असल्या की डाग पडतात. दीड-दोन फुटाला एक, आणि वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर, नायतर फळी वाळताना पोट सोडते.

मग कागद. बांधावरचा आंबा आपलाच हाय की, असं चालत नाही. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, तोडायला परवानगी लागते, वाहतुकीचा पास वेगळा. वळवात उन्मळून पडलेलं असलं तरी विचारून घ्या. पाटण, शिराळा भागात तर वनखात्याच्या रेंज ऑफिसला आधीच जाऊन या, ट्रॅक्टर नाक्यावर अडवल्यावर नको. मुहूर्त म्हणाल तर दिवाळीनंतरची थंडी. जत-आटपाडीकडं मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ओली फळी बघता बघता तडकते.

फ्रेम गावातल्या वेल्डरकडं होते, कुपवाडच्या एमआयडीसीतच जायला पाहिजे असं काही नाही, एक इंची स्क्वेअर पाईप आणि नट-बोल्ट एवढंच सामान. पण वेल्डिंगनं पाईप ओढला जातो, म्हणून घरी आणल्यावर बारपासून (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) वरच्या फ्रेमपर्यंतचं अंतर इंजिनच्या बाजूला आणि बारच्या नाकाकडं, दोन्हीकडं टेपनं मोजा. एका सुताचा फरक असला तरी फळी एका कडेला जाड, दुसरीकडं पातळ. फ्रेम बारला धरणारा क्लॅम्प चेनला घासता कामा नये आणि नाकातल्या चक्रीवर आवळू नका, जरा मागं धरा. 22 इंची बार असला तरी क्लॅम्पात तीन-चार इंच जातात, ओंडका त्या हिशेबानं निवडा.

पहिल्या कापाला जीव लावा, कारण पुढच्या सगळ्या फळ्या त्याचीच नक्कल करतात. ओंडक्यावर सरळ फळी नायतर ॲल्युमिनियमची शिडी स्क्रूनं बसवायची आणि त्यावरून मिल सरकवायची. आता स्क्रूची लांबी बघा: लाकडात जेवढा शिरतो त्याच्या चांगलं खाली चेन गेली पाहिजे, नायतर पहिल्याच फटक्यात दात गेले. आणखी एक, रस्त्याकडेच्या झाडात खिळे हमखास, कुणी बोर्ड ठोकलेला, कुणी तार बांधलेली. ओंडक्याच्या टोकाला काळा-निळा डाग दिसला, त्यातून बाभळीसारख्या लाकडात, की आत लोखंड आहे असं समजा. ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती असते, कुऱ्हाडीनं साल काढून टाका.

चेन आडव्या कापाची असली तर दात साधारण 30 अंशाला असतात, उभं फाडायला 10 अंशाच्या आसपास लागतात, गोल कानस घेऊन आदल्या दिवशीच घासून ठेवा. चकत्या न पडता पावडर पडायला लागली की चेन बोथट झाली, जोर लावू नका. दीड फुटी आंब्याला बाजारातली 58 सीसी रडतखडत चालते, सुक्या बाभळीला 70 च्या वरची घ्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, म्हणून टू-स्ट्रोक ऑइलचं मिक्स ताजंच करा, प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल ते. बारचं ऑइल मात्र दुप्पट आणा. दर कापानंतर मशीन मिनिटभर नुसतं चालू ठेवून मगच बंद करा.

कानाला मफ, डोळ्याला गॉगल, तोंडाला मास्क, पायात बूट, गळ्यात टॉवेल अजिबात नको. सोबत एक गडी पाहिजेच, कापाच्या मागं पाचरी ठोकायला, नायतर फळी बसून बार आवळते. पाचरी लाकडाच्या नायतर प्लास्टिकच्या, लोखंडाच्या नकोत.

जुना ऑइलपेंट आणि ब्रश जवळच ठेवा, फळी उतरली की दोन्ही टोकं लगेच रंगवायची, संध्याकाळी नाही. आंबा असला तर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणीही मारा, किडा त्याच्यावर टपलेलाच असतो.